छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर माणसं नीट कशी बसवायची

मराठवाड्यात घरात पहिली गाडी येते ती बहुतेक छोटीच. ऑल्टो, वॅगन आर, क्विड, नाहीतर पाहुण्यांतल्या कुणाकडून घेतलेली सेकंडहँड सँट्रो. पेढे वाटून झाले की पहिली फेरी तुळजापूर, परळी नाहीतर माहूर. पुढे चालवणारा आणि घरातला कर्ता माणूस. मागे आई, मावशी, बायको आणि मांडीवर एखादं लेकरू. परत आल्यावर चालवणारा म्हणतो गाडी काय मस्त पळते, आणि मावशी दोन दिवस गुडघ्याला तेल चोळते.

दोघंही खरंच सांगतात. पुढची सीट चारी चाकांच्या साधारण मध्ये येते, मागची जवळजवळ मागच्या चाकांवरच असते. त्यामुळे तोच खड्डा पुढच्याला हलका आणि मागच्याला कंबरेत लागतो. त्यात मागची गादी आखूड आणि ठेंगणी, म्हणून गुडघे वर येतात, मांड्या हवेत राहतात आणि सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर पडतो. एसीच्या जाळ्या पुढे, मोठी काच पुढे, पाय लांब करायला जागा पुढे. गाडीच्या सामानाच्या दुकानात जाऊन हे सुटत नाही. निम्म्याहून जास्त काम निघण्याआधी घरासमोर, फुकटात होतं.

आधी स्वतः मागे बसा

चालवणं दुसऱ्या कुणाकडे द्या आणि अर्धा तास स्वतःच्या गाडीत मागे बसा. रस्ता गावातलाच घ्या, ज्यावर चार गतिरोधक आणि थोडा खराब पट्टा आहे. पुढची सीट तुम्ही चालवताना जिथे ठेवता तिथेच ठेवायची, बाईसाहेब मागे बसल्या म्हणून पुढे सरकवायची नाही. गुडघा आणि पुढच्या सीटमध्ये चार बोटं राहतात का, पाय पुढच्या सीटखाली जातात का, डोकं छताला लागतं का, गार हवा तोंडावर येते की फक्त आवाज येतो, एवढं बघा. बहुतेक चालवणारे वर्षानुवर्षं मागे बसलेलेच नसतात, आणि मागे बसणारी आपली माणसं तक्रार करत नाहीत. "बरंय की" म्हणतात.

गाडी अजून घ्यायची असेल तर हेच शोरूममध्ये करा. चालकाची सीट आपल्या मापाने लावायची आणि मग त्याच सीटमागे बसायचं. घरात गुडघ्याचं दुखणं असलेलं माणूस असेल तर त्यांना सोबत न्या. त्यांनी दोनदा चढून-उतरून दाखवलं की माहितीपत्रकातले सगळे आकडे बाजूला पडतात.

आकड्यांनी फसायलाही होतं. 2022 मध्ये आलेली ऑल्टो के10 ही 3530 मिमी लांब, 1490 मिमी रुंद आणि 1520 मिमी उंच. वॅगन आर 3655 मिमी, म्हणजे लांबीत जेमतेम पाच इंचांचा फरक. दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2380 आणि 2435 मिमी, तिथेही फरक दोनच इंचांचा. पण वॅगन आर 1675 मिमी उंच आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला सगळा फरक या सहा इंचांतच कळतो: सीट उंचावर, वाकायचं कमी, गुडघा कमी मोडतो. क्विड 3731 मिमी, दोघींपेक्षा लांब. पण घरात म्हातारी माणसं असतील तर मी उंची आधी बघेन, लांबी नंतर. एमजी कॉमेट तर 2974 मिमीची आणि दोनच दारांची. मागे जायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. शहरात ऑफिसला ठीक, पण आईला त्यात मागे बसवू नका.

आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते, ती एकदा वाचून ठेवा. काही छोट्या गाड्यांत ती चारच असते. जत्रेला जाताना "लेकरं काय, मावतात" म्हणून सहा-सात जण कोंबले की आरामाचा विषय तिथेच संपतो.

पुढच्या सीटा लावा, मग मागची माणसं बसवा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी चालकाची सीट, कारण तिच्यात तडजोड नाही. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. सीटला उंची कमी-जास्त करायची सोय असेल तर एक-दोन खटके वर घ्या. तुम्हाला रस्ता नीट दिसेल आणि मागच्याच्या पावलांना सीटखाली जागा मिळेल.

मग शेजारची सीट. खरी जागा इथे लपलेली असते. शेजारी बसणाऱ्याला ना क्लच, ना ब्रेक, तरी सीट सवयीने पार मागे आणि पाठ आरामखुर्चीसारखी कललेली. ती तीन-चार खटके पुढे घ्या आणि पाठ सरळ करा. मात्र गुडघे डॅशबोर्डला टेकतील इतकी पुढे नको, तिथे एअरबॅग असते.

तिसरं म्हणजे पुढच्या सीटखालचा कचरा. पाण्याच्या बाटल्या, जॅक, पूजेच्या नारळाची पिशवी, चपलांचा जोड. मागे बसणाऱ्याची पावलं नेमकी तिथेच जायची असतात. रिकामं करा. त्यात बाटली घरंगळत ब्रेकखाली जायची भीतीही संपते.

कुणी कुठे बसायचं

आपल्याकडे पुढची सीट मानाची. जावई आले की जावई पुढे, सासूबाई मागे. माझं सरळ मत आहे, पुढची सीट गुडघ्याची. ज्याचे गुडघे-कंबर दुखतात, ज्याचं ऑपरेशन झालंय, ज्याला गाडी लागते, तो पुढे. जावयाला वाईट वाटलं तर चहाच्या थांब्यावर समजूत काढा.

मागे बसवायचंच असेल तर वयस्क माणसासाठी डावी बाजू. शेजारची सीट पुढे घेतल्यामुळे जागा तिथेच जास्त असते आणि उतरताना दार वाहतुकीकडे उघडत नाही. उंच माणूस चालकामागे कधीच नको. तिथे बुटकं माणूस किंवा मूल.

आता यात उन्हाचा घोळ येतो, तो मार्चपासून जूनपर्यंत फार महत्त्वाचा. छत्रपती संभाजीनगरहून बीडमार्गे तुळजापूरला सकाळी निघालात की गाडी दक्षिणेला चाललेली असते, म्हणजे ऊन डावीकडून. संध्याकाळी परत येताना गाडी उत्तरेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडूनच. डाव्या खिडकीचं माणूस दोन्ही वेळा भाजतं. सोलापूरकडून तुळजापूर-धाराशिव करून येणाऱ्याचं बरोबर उलटं: जाता-येता दोन्ही वेळा उजवी बाजू तापते. निघण्याआधी हा हिशोब करायला एक मिनिट लागतं. आईची बाजू उन्हाचीच येत असेल तर पहाटे पाचला निघा किंवा मधल्या थांब्यावर जागा बदला.

काचेला काळी फिल्म लावून घेऊ नका. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा फिल्मना मनाई केली आणि तेव्हापासून त्यावर दंड होतो. उन्हाच्या बाजूला बसणाऱ्याच्या खांद्यावर-हातावर पांढरं सुती उपरणं किंवा ओढणी, हे साधं आणि पुरेसं.

मधली जागा सगळ्यांत वाईट. गादी उंचवट्याची, पायाखाली फुगवटा, दोन्हीकडून खांदे. गाडी बाहेरून दीड मीटर रुंद, त्यातून दोन्ही दारांची जाडी गेली की तीन मोठ्या माणसांचे खांदे सरळ रेषेत बसतच नाहीत. मध्ये सडपातळ माणूस बसवा आणि प्रत्येक थांब्यावर पाळी बदला. जुन्या गाड्यांत मधल्याला फक्त कंबरेचा पट्टा असतो, कधी तोही नसतो. म्हणून लांबच्या प्रवासाला मागे दोघंच ही मर्यादा मी तरी पाळतो.

चढणं, उतरणं आणि उशीची जागा

छोट्या गाडीत आपण सवयीने आधी पाय आत टाकतो आणि मग वाकून शरीर ओढतो. गुडघा पिळवटतो तो इथे. वयस्क माणसाला उलटं शिकवा: दार पूर्ण उघडायचं, गाडीकडे पाठ करायची, आधी बूड सीटवर टेकवायचं, डोकं आत घ्यायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून वळायचं. उतरताना दोन्ही पाय आधी बाहेर, जमिनीवर टेकले की मग उठायचं. धरायला उघडं दार देऊ नका, ते हलतं. आपला हात द्या. सीटचं कव्हर खरखरीत असेल तर वळताना साडी अडकते. बसण्यापुरती एक गुळगुळीत पिशवी अंथरा, वळून झालं की काढून घ्या.

उशी बहुतेक जण चुकीच्या जागी ठेवतात. अख्ख्या सीटवर जाड गादी टाकली की माणूस वर येतं, डोकं छताला लागतं आणि बेल्टही नीट बसत नाही. त्याऐवजी जुनी सुती चादर घट्ट दुमडून गादीच्या पुढच्या कडेला, मांडीखाली ठेवा. दोन-अडीच इंचांची जाडी पुरते. मांडीला आधार मिळाला की हाडांवरचा भार लगेच कमी होतो. दुसरा टॉवेल गुंडाळून कंबरेच्या खळग्यात, खांद्यामागे नाही. वॅगन आरसारख्या उंच सीटवर ठेंगण्या माणसाचे पाय लोंबकळतात, तिथे पायाखाली कपड्यांची मऊ पिशवी द्या. लाकडी पाट नको, जोराचा ब्रेक लागला की तो नडगीवर येतो.

कव्हर आणि बेल्ट

नवी गाडी आली की पहिल्याच आठवड्यात रेक्झिनची जाड कव्हरं चढतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये, पारा 42 च्या आसपास असताना, पार्किंगमधून काढलेल्या गाडीत रेक्झिनवर बसून बघा. घाम जिरत नाही, पाठ चिकटते. शिवाय पुढच्या सीटच्या पाठीवरचा जाड स्पंज आणि फुगलेला खिसा मागच्या गुडघ्याची एक इंच जागा खातो, जी तुम्ही इतक्या कष्टाने मिळवलेली असते. कव्हर घालायचंच तर सुती, पातळ आणि पाठीला खिसा नसलेलं.

याहून मोठा घोटाळा म्हणजे कव्हर बसवणारा मागची बक्कलं सरळ कव्हरखाली दाबून टाकतो. आत्ता जाऊन बघा. गादी आणि पाठ यांच्या फटीत बोटं घाला. कव्हरखाली टणक चौकोनी काहीतरी लागलं तर ते बक्कल. कव्हरची दोरी सोडा, बक्कल वर ओढा, त्या जागी कव्हरला चीर देऊन कडा शिवून घ्या. शेजारचा शिंपी हे दहा मिनिटांत करून देतो.

मागच्यांनी बेल्ट लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या 194ब कलमाखाली न लावल्यास 1000 रुपये दंड आहे. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. आई म्हणेल, "मला गुदमरतं." बहुतेक वेळा कारण एकच: पट्टा गळ्याला घासतो. तिला सीटवर थोडं आत, मधल्या बाजूला सरकवा म्हणजे पट्टा खांद्याच्या मधोमध येतो. खालचा पट्टा पोटावर नाही, कंबरेच्या हाडावर. पदर पट्ट्याच्या वर काढा, आतली घडी टोचत नाही.

लेकरू मांडीवर नको, हे मागेही तितकंच खरं. गादी आणि पाठीच्या फटीत आयसोफिक्सचे लोखंडी कडे आहेत का बघा; असतील तर लहान मुलाची सीट त्यात पक्की बसते.

हवा, डिक्की आणि मागचा दणका

चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचं स्टिकर असतं. त्यावर दोन माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर माणसं भरून जाताना दुसरा घ्यायचा. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. पंपावरचा पोरगा न विचारता 40 मारतो, आणि मग छोटी गाडी मागे नुसती उडते. ऑल्टोचा 145/80 आर13 टायर मुळात बारीक, तो खड्ड्यात पटकन उतरतो. त्यात जास्त हवा म्हणजे प्रत्येक खडा कंबरेला कळतो. आराम मिळावा म्हणून स्टिकरपेक्षा कमीही ठेवू नका. भरलेली गाडी, तापलेला रस्ता आणि कमी हवा एकत्र आली की टायर फुटतो.

डिक्की ऑल्टो के10 ची 214 लिटर, क्विडची 279, वॅगन आरची 341. सीएनजीची टाकी असेल तर यातलं फारसं काही उरत नाही आणि बॅगा माणसांच्या पायात येतात. सीएनजी गाडी घेताना याचा विचार कुणी करत नाही. गावाकडून येताना ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, पेंडभर भाजी असतेच. जड वस्तू डिक्कीत सगळ्यांत खाली, सीटच्या पाठीला चिकटवून ठेवा. मागचा भाग दबलेला असेल तर स्प्रिंगला खेळायला जागा उरत नाही आणि गतिरोधकावर गाडी खाली टेकते. पोतं आणि तीन माणसं यांत निवड करायची वेळ आली तर पोतं एसटीने किंवा पुढच्या फेरीला.

गार हवा मागे पोचवणं

छोट्या गाड्यांत मागे एसीच्या जाळ्या सहसा नसतात. उन्हात उभ्या गाडीची चारी दारं दोन मिनिटं उघडी ठेवा, मग काचा थोड्या खाली करून निघा, कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या. त्यानंतर काचा बंद आणि आतलीच हवा फिरवायचं बटण सुरू. डॅशबोर्डच्या मधल्या दोन जाळ्या छताकडे, दोन्ही सीटांच्या मधून मागे जाईल अशा वळवा. गार हवा जड असते, वरून सोडली की मागे पोचून खाली उतरते. पुढच्यांच्या छातीवर सोडली तर तिथेच संपते. पंखा दोनवर पुरत नाही, सुरुवातीला तीन ठेवा. केबिन फिल्टर असेल तर उन्हाळ्याआधी काढून झटका. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर चोंदतो आणि माणूस उगाच गॅस भरत बसतो.

चालवणाऱ्याचा पाय

इतकं सगळं केलं आणि चालवणाऱ्याने घाई केली तर पाण्यात गेलं.

गतिरोधकाचं उदाहरण घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, ताशी 25 किमीने ओलांडण्याजोगा. गावाच्या वेशीवर मात्र ग्रामस्थांनी रातोरात टाकलेला अरुंद उभा बंधारा असतो, तिथे ताशी 10 सुद्धा जास्त. बहुतेक जण पुढची चाकं उतरली की सुटलो म्हणून एक्सलरेटर देतात. नेमक्या त्याच क्षणी मागची चाकं चढत असतात आणि मागच्याचं डोकं छताला. ब्रेक गतिरोधकाच्या आधी पूर्ण करा, चढताना ब्रेक सोडा, पुढची चाकं उतरल्यावर गाडी तशीच सरकू द्या, मागचा ढप्प आवाज आला की मग वेग. आणि दुरून दिसताच "स्पीड ब्रेकर!" म्हणून मागे सांगा, सावध बसलेल्या माणसाला निम्माच लागतो.

काळ्या मातीतले रस्ते दुसरीच तऱ्हा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. खड्डा एकही नसतो पण गाडी हिंदोळे घेते. पुढे गंमत वाटते, मागे पोट ढवळतं. अशा पट्ट्यात ताशी 60 च्या खाली या. समृद्धी महामार्गावर 120 ची मर्यादा आहे, ती मोठ्या गाड्यांसाठी समजा. छोट्या गाडीत 80-90 ला मागे बोलणं तरी ऐकू येतं.

गाडी लागणाऱ्यांसाठी

गाडी लागते ती मागेच जास्त, कारण डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते आणि कानाला हेलकावे कळतात. समोरचा रस्ता दिसेल अशी जागा द्या, मोबाइल बघू देऊ नका. उपाशीपोटी बसवू नका आणि भरपेट जेवूनही नाही. अर्धी दशमी, थोडा आलेपाक चालतो. कडक वासाचा परफ्यूम डॅशबोर्डवरून काढून टाका, निम्म्या उलट्या त्याच्यामुळे होतात. कन्नडचा घाट किंवा माहूरची चढण सुरू होण्याआधी पाच मिनिटं गाडी थांबवा. दोन-तीन कागदी पिशव्या डिक्कीत नको, दाराच्या खिशात हव्यात.

दर दीड तासाने सगळ्यांना खाली उतरवा, नुसतं गाडी थांबवून चहा आत देऊ नका. चार पावलं चालल्यावर पायांची सूज उतरते. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा मिळेल याची खात्री नसते, आणि उन्हाळ्यात त्यातूनच चक्कर येते. त्यामुळे थांबा चहाच्या चवीवर ठरवू नका. स्वच्छतागृह बरं असलेला पंप आधी हेरून ठेवा आणि निघतानाच सांगा की बीडच्या अलीकडे थांबणार आहोत.